चहाचं सोडा, आधी खातं उघडा: अमेरिका नावाच्या देशाचा हिशेब

वसुलीअधिकारी (धागाकर्ता)

मंडळी, परवा सोसायटीच्या गच्चीवर चहा घेताना एकाने सहज विधान ठोकलं, "अमेरिका काय हो, चहा समुद्रात फेकला आणि देश झाला!" सगळे हसले. मला मात्र रात्री झोप येईना.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वसुलीत. कुठलंही भांडण समोर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूळ कर्ज कशासाठी काढलं, आणि नोटीस कोणाच्या दारावर चिकटवली? अमेरिकेच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की चहाच्या आधी वीस वर्षं मागे जावं लागतं.

साल १७५४. ओहायो नदीच्या खोऱ्यावर फ्रेंच हक्क सांगत होते आणि इंग्रजही. ज्यांची ती जमीन होती त्या लेनापी, शॉनी, मिंगो लोकांना विचारतो कोण? व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदारांनी 'ओहायो कंपनी' काढली होती आणि इंग्लंडच्या राजाकडून तिकडची दोन लाख एकर जमीन कागदावर मिळवली होती. त्या कागदाच्या जोरावर फ्रेंचांना हुसकायला एक बावीस वर्षांचा पोरगेला लेफ्टनंट कर्नल निघाला. २८ मे रोजी, रात्रभर पावसात चालून, मिंगो सरदार तानाघ्रिसनच्या माणसांसह त्याने पहाटे एका घळीत फ्रेंच तुकडी गाठली. पाव तासात खेळ आटोपला. फ्रेंच अधिकारी जुमॉनव्हिल मेला. त्या पोराचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन, आणि त्याचे दोन सावत्र भाऊ ओहायो कंपनीचे भागीदार.

त्या घळीतली ठिणगी पुढे युरोप, कॅरिबियन आणि आपल्याकडेही पसरली. वांदिवाशची १७६० ची लढाई आणि १७६१ मध्ये पडलेलं पाँडिचेरी, हे त्याच युद्धाचे तुकडे. १७६३ च्या पॅरिस तहात इंग्रजांना अख्खं कॅनडा मिळालं. लंडनमध्ये दिवाळी. पण खातं उघडून पाहिलं तर राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेलेलं, आणि तिजोरीत येणाऱ्या पैशातला निम्म्याच्या आसपास नुसत्या व्याजात जात होता. त्यात अमेरिकेत कायमची दहा हजार फौज ठेवायचं ठरलं. तिचा खर्च कोण देणार? "तुमच्याच रक्षणासाठी लढलो ना? मग तुम्हीही वाटा उचला."

वसाहतवाले म्हणाले, फ्रेंच तर गेले, आता फौज कोणापासून वाचवायला? आणि वर १७६३ च्या ऑक्टोबरात राजाने फर्मान काढलं की अपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही. म्हणजे ज्या जमिनीसाठी लढाई सुरू केली तीच बंद, आणि बिल मात्र हातात! १७६५ मध्ये स्टँपचा कायदा आला: वर्तमानपत्र, कोर्टाचा कागद, परवाना, एवढंच काय पत्त्यांचा जोड, सगळ्यावर मुद्रांक. बँकेत स्टँपपेपरवरून हुज्जत घालणारे कर्जदार मी शेकड्यांनी पाहिलेत, पण इथे तेरा वसाहती एकदम हुज्जत घालायला उभ्या राहिल्या.

माझं म्हणणं एवढंच: इंग्रजांनी अमेरिका गमावली ती लढाई जिंकल्यामुळे. तुम्हाला काय वाटतं?

शाईचीदौत

वाचतेय. काका, एक शंका. शाळेत शिकवताना मुलं हमखास विचारतात, चहावर कर होता किती? रत्तलामागे तीन पेन्स. तेवढ्यासाठी एवढा तमाशा?

वसुलीअधिकारी

बाई, गंमत त्याच्याही पुढे आहे. कर धरूनही तो चहा स्वस्त होता!

झालं असं. ईस्ट इंडिया कंपनी १७७२ मध्ये बुडायच्या बेतात होती. बंगालात १७७० च्या दुष्काळाने लाखो माणसं मेली, तरी कंपनीचा सारा चालूच. इकडे लंडन आणि ॲमस्टरडॅमच्या बाजारात पैशाची चणचण, भागधारकांना लाभांश मात्र चढा हवा. गोदामात एक कोटी सत्तर लाख रत्तलांच्या आसपास चहा पडून. शेवटी सरकारने कंपनीला चौदा लाख पौंड कर्ज दिलं. आजच्या भाषेत बेलआऊट. आणि जोडीला १७७३ चा चहा कायदा: माल थेट अमेरिकेत नेऊन नेमलेल्या अडत्यांमार्फत विका.

स्वस्त चहा आल्यावर पोट कोणाचं दुखलं? डच चहा चोरून आणणाऱ्या बॉस्टनच्या व्यापाऱ्यांचं, आणि अडत्यांच्या यादीत नाव नसलेल्या सगळ्यांचं. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४० च्या वर पेट्या फोडून पाण्यात ओतल्या, ब्याण्णव हजार रत्तलांच्या वर माल.

आणि तो चहा आसामचा नव्हता हो. होता चीनचा, कँटनहून आलेला, बराचसा बोही जातीचा काळा. आसामात चहाचे मळे उभे राहायला अजून साठेक वर्षं होती. गच्चीवर हेही सांगितलं, कोणी ऐकलं नाही.

कलमबहाद्दर

धागाकर्ते, लेख आवडला, पण तुम्ही सगळं खातेवहीत कोंबताय. मी वकिली करतो, मला यात वेगळं दिसतं.

व्हर्जिनियाची विधानसभा १६१९ पासून बसत होती. दीडशे वर्षं या लोकांनी आपले कर आपणच ठरवले. मग एक दिवस तीन हजार मैलांवरची पार्लमेंट, जिथे यांचा एकही प्रतिनिधी नाही, ती म्हणते स्टँप घ्या. भांडण रकमेचं नव्हतं, पायंड्याचं होतं. १७६६ मध्ये इंग्रजांनी स्टँप कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा केला की वसाहतींवर हवा तो कायदा करायचा पार्लमेंटला पूर्ण हक्क आहे. पैसे सोडले, हक्क सोडला नाही. आमच्या अशिलांमध्येही हेच होतं, बांधाची दोन फूट जमीन सोडतील, पण "तुझी होती" असं लिहून देणार नाहीत.

आणि कायद्याची चाड किती होती ते बघा. १७७० मध्ये बॉस्टनला इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. त्या शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. आठपैकी सहा शिपाई निर्दोष सुटले. शहर पेटलेलं असताना! असे लोक तीन पेन्ससाठी देश काढत नाहीत.

वसुलीअधिकारी

वकीलसाहेब, पायंड्याचा मुद्दा मान्य. पण तत्त्व आठवतं ते नोटीस आल्यावरच. दीडशे वर्षं कोणी मागितलं नव्हतं, म्हणून कोणी नाकारलंही नव्हतं.

पिट्सबर्गचापांडू

सतरा वर्षं इथे आहे, त्यामुळे या धाग्यात भर घालणं भाग आहे. :)

मागच्या उन्हाळ्यात आईबाबा सांगलीहून आले होते. आधी व्यंकटेश्वराच्या देवळात दर्शन, मग दुसऱ्या दिवशी ओहायोपाइलचा धबधबा, आणि येताना फोर्ट नेसेसिटी. वसुलीकाकांनी सांगितलेल्या घळीनंतर पाचेक आठवड्यांनी वॉशिंग्टनने जिथे मार खाल्ला, ती जागा. शहरापासून दीड तासाचा रस्ता.

नाव किल्ला, त्यामुळे बाबा रायगड-पन्हाळा डोक्यात घेऊन आले होते. बघतात तर काय, गवताळ मैदानाच्या मधोमध ओंडके उभे रोवून केलेलं गोल कुंपण. आरपार फक्त त्रेपन्न फूट, मधे एक झोपडीवजा कोठार. नव्याने उभारलेलं आहे, पण मूळच्या जागेवर, मूळच्या मापाचं. बाबा कुंपणाला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "अरे, आपलं खळं याच्यापेक्षा मोठं होतं." आणि खरंच, चारशे माणसं त्यात मावणंच शक्य नाही. बरीचशी बाहेर चरांत होती. झाडी इतकी जवळ की आडोशाने गोळी मारता येते. वॉशिंग्टनने मात्र पत्रात लिहिलं होतं की लढाईला ही जागा फार छान आहे!

३ जुलै १७५४ ला दिवसभर पाऊस. चरांत पाणी, दारू भिजलेली. रात्री मेणबत्तीच्या उजेडात शरणागतीचा फ्रेंच कागद आला. वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हतं, दुभाषी होता एक डच माणूस. कागदात जुमॉनव्हिलचा 'खून' केला असं लिहिलेलं, आणि याने खाली सही ठोकली. सकाळी कुंपण सोडून निघाला. तारीख ४ जुलै! बावीस वर्षांनी याच तारखेला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा.

काका, तुमच्या जमिनीच्या मुद्द्याला जोड: हेच मैदान वॉशिंग्टनने पुढे १७७० च्या सुमारास विकत घेतलं आणि मरेपर्यंत आपल्याकडे ठेवलं. १७६३ च्या फर्मानाबद्दल तर त्याने आपल्या मोजणीदाराला लिहिलं होतं की हा मूळ रहिवाशांना शांत करायचा तात्पुरता उपाय आहे, तू गुपचूप चांगल्या जमिनी हेरून ठेव.

पिट्सबर्गचापांडू

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

मावळप्रांती

सगळं वाचलं. पण आपल्या माणसांचं नाव कोणीच काढत नाही! अमेरिकेत सॅराटोगाला इंग्रज फौज शरण आली ऑक्टोबर १७७७ मध्ये. आमच्या वडगावला जानेवारी १७७९ मध्ये. आम्ही रोज लोकलने त्या स्टेशनवरून जातो. महादजी आणि नाना फडणवीसांनी इंग्रजांना इकडे अडकवलं नसतं तर वॉशिंग्टन कुठला जिंकतोय? आमच्या ग्रुपवर तर आलं होतं की अमेरिकेला खरं स्वातंत्र्य पुण्याने दिलं.

वसुलीअधिकारी

मावळदादा, ग्रुपवरचं ग्रुपवर राहू द्या. पण धागा जोडलेला आहे, हे शंभर टक्के खरं.

१७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नानांच्या भेटीला आला होता. बोलला खूप, हाती फारसं काही आलं नाही. पण कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जची झोप उडाली. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरल्याची बातमी आली तशी इंग्रजांनी इकडे चंद्रनगर, पाँडिचेरी आणि पुढच्या वर्षी माहे घेतलं. माहे हैदर अलीच्या पंखाखालचं बंदर, तो खवळून १७८० मध्ये कर्नाटकात उतरला. इंग्रज एकाच वेळी अमेरिका, कॅरिबियन, जिब्राल्टर, मराठे आणि हैदर अशा पाच दारांवर उभे. १७८२ च्या मे महिन्यात मराठ्यांशी साळबाईचा तह झाला तो याच ओढाताणीत. पण अमेरिकेतल्या यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले, ज्याने युद्धाचा निकाल लागला, त्याचं कारण चेसापीक उपसागराच्या तोंडाशी उभं राहिलेलं फ्रेंच आरमार. ते श्रेय नानांच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

दोन गोष्टी तुमच्यासाठी. पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव चक्क 'हैदर अली' होतं, आणि त्याने एप्रिल १७८२ मध्ये डेलावेअरच्या खाडीत इंग्रजांचं 'जनरल मंक' पकडलं. आणि या युद्धातली शेवटची मोठी आरमारी लढाई झाली जून १७८३ मध्ये, आपल्या कुड्डलोरसमोर. तहाचा मसुदा जानेवारीतच झाला होता, पण बातमी पोचायला सहा महिने लागले.

यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके त्याच्या बाजूला होते. तिथे देश गमावला, इथे कायमधारा पद्धत लावून गेला. कबर गाझीपूरला आहे.

मावळप्रांती

हैदर अली जहाज! हे माहीत नव्हतं. ग्रुपवर टाकतो. (पुण्याचं वाक्य काढून.)

रानजाई

इतका वेळ वाचत होते, पण आता राहवत नाही. कर, पायंडा, फ्रेंच, नाना. ज्यांच्या जमिनीवर हे सगळं चाललं होतं त्यांचं काय?

१७६३ चं फर्मान वसाहतवाल्यांना जाच वाटला, पण डोंगरापलीकडच्या लोकांसाठी तो राजाने दिलेला एकमेव कागदी आधार होता, आणि तोही फुकट नव्हता मिळाला. त्याच वर्षी मूळ रहिवाशांचा सरदार पाँटिअॅकने इंग्रजांची एकामागून एक ठाणी घेतली होती. स्वातंत्र्ययुद्धात १७७९ मध्ये वॉशिंग्टनने इरोक्वा या मूळ रहिवाशांच्या मुलखात फौज पाठवली. चाळीसवर गावं जाळली, उभा मका तोडला. ते लोक वॉशिंग्टनला 'गावं उद्ध्वस्त करणारा' म्हणत. १७८३ च्या तहात मिसिसिपीपर्यंतची जमीन इंग्रजांनी नव्या देशाला देऊन टाकली, आणि टेबलाशी एकही मूळ रहिवासी नव्हता.

दुसरं, गुलाम. पंचवीस लाखांच्या वस्तीत पाच लाखांच्या आसपास गुलाम. १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने जाहीर केलं की बंडखोरांचे गुलाम आमच्याकडे येऊन लढले तर मुक्त. किती मळेवाले त्या दिवसानंतर पक्के देशभक्त झाले असतील? त्यांच्यासाठी स्वातंत्र्य कोणत्या बाजूला होतं, सांगा पाहू वसुलीकाका.

वसुलीअधिकारी

ताई, उत्तर नाही माझ्याकडे. माझ्या वहीत या लोकांचं पानच नव्हतं, हे खरं. ज्याची जमीन तारण ठेवली त्यालाच बैठकीला बोलावलं नाही, असं प्रकरण बँकेत आलं असतं तर पहिल्या दिवशी रद्द झालं असतं.

शाईचीदौत

रानजाईताई, +१. एक जोडते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तिथली गुलामी उठवली म्हणून. पण ती उठली १८६५ मध्ये, जाहीरनाम्यानंतर एकोणनव्वद वर्षांनी आणि आणखी एका मोठ्या युद्धानंतर. वर्गात दोन्ही सालं, १७७६ आणि १८६५, फळ्यावर शेजारी लिहिली की मुलं आपणच वजाबाकी करतात.

कलमबहाद्दर

एक मुद्दा निसटतोय. यातून 'देश' कसा झाला? १७५४ मध्येच फ्रँकलिनने ऑल्बनीला सगळ्या वसाहतींचा एक संघ करायची योजना मांडली होती. वसाहती म्हणजे सापाचे तुटलेले तुकडे दाखवणारं ते प्रसिद्ध चित्रही त्याच वर्षीचं. एकाही वसाहतीच्या सभेने ती मानली नाही! प्रत्येकीला आपल्या तिजोरीची किल्ली प्यारी. इंग्रजांनी ठोकल्यावर एकत्र आले खरे, पण १७८१ च्या, तेरा राज्यांना जोडणाऱ्या पहिल्या करारनाम्यातही मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता. राज्यांकडे हात पसरायचे, ती देतील तेव्हा खरं. म्हणजे १७८३ मध्ये तेरा देश होते म्हणा ना.

वसुलीअधिकारी

वकीलसाहेब, आता तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. :)

युद्ध कर्जावर लढलं होतं. शिपायांना पगाराऐवजी चिठ्ठ्या दिल्या. घरी पोरंबाळं उपाशी, म्हणून त्यांनी त्या कवडीमोलाने सटोडियांना विकल्या. आता त्या चिठ्ठ्या आणि रोख्यांचे पैसे फेडायला मॅसॅच्युसेट्स राज्याने कर लावले, तेही रोख नाण्यात. म्हणजे जो लढला त्यानेच कर भरायचा, आणि तो जाणार ज्याने त्याची चिठ्ठी स्वस्तात उचलली त्याच्या खिशात. शेतकऱ्याकडे नाणं कुठलं? जप्त्या सुरू झाल्या, लोक तुरुंगात गेले.

मी स्वतः जप्तीला गेलोय. एका गावात म्हातारीने काही न बोलता गोठ्याचं दार उघडून दिलं होतं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. म्हणून हा भाग वाचताना मी थांबतो. १७८६ च्या ऑगस्टात नॉर्दॅम्प्टनला शेतकऱ्यांनी कोर्टालाच घेराव घातला. कोर्ट बसलं नाही तर निकाल नाही, निकाल नाही तर जप्ती नाही. साधा, बिनतोड विचार. पुढारी डॅनियल शेज, स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन. १७८७ च्या जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर त्यांच्यावर तोफा डागल्या, चार जण गेले. आणि ते बंड मोडणाऱ्या फौजेचा खर्च काँग्रेसने नाही, बॉस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून केला!

त्याच मे महिन्यात फिलाडेल्फियात पंचावन्न माणसं हळूहळू जमली. सप्टेंबरात राज्यघटना तयार, एकोणचाळीस सह्या. केंद्राला कर बसवायचा अधिकार त्यात ठळक लिहिलेला. गुलामांची गणती पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, तोही हिशेब त्यातच. रानजाईताई, तुमचं पान त्यांनी अशा रीतीने भरलं.

एकरुपयाफक्त

आणि फ्रेंचांचं काय? मदत केली, शंभर कोटी लिव्हरच्या (तेव्हाचं फ्रेंच चलन) वर खर्च झाला, आणि १७८९ मध्ये राजाचंच दिवाळं वाजलं. जामीनदार बुडाला.

वसुलीअधिकारी

जामीनदार कायम बुडतो. आमच्याकडे तर भिंतीवर लिहायची वेळ आली होती.

पिट्सबर्गचापांडू

काका, आमच्या गावाचा शेवट राहिलाच की.

१७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या डोक्यावर घेतली आणि ती फेडायला १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसवला. आमच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात राय (गव्हासारखं धान्य) पिकायची. ती गोण्यांत भरून डोंगरापलीकडे न्यायला परवडायची नाही, म्हणून लोक दारू गाळून न्यायचे, आणि उधारीही व्हिस्कीतच फेडायचे. म्हणजे हा कर दारूवर नव्हता, चलनावर होता. १७९४ च्या जुलैत कर-अधिकाऱ्याचं घर जाळलं. १ ऑगस्टला सात हजारांच्या आसपास लोक जमले ते ब्रॅडॉकच्या मैदानात, जिथे १७५५ मध्ये फ्रेंचांनी इंग्रज फौजेची दाणादाण उडवली होती.

मग तेरा हजारांच्या जवळपास फौज निघाली. पाहणीला फोर्ट कंबरलंडपर्यंत आणि पुढे बेडफर्डपर्यंत कोण आलं? राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, वय बासष्ट. चाळीस वर्षांपूर्वी ज्या वाटेने जमीन मिळवायला गेला, तिच्याच तोंडाशी आता कर वसूल करायला. बंडखोर पांगले होते, लढाई झालीच नाही. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली, त्यांना त्यानेच माफी दिली.

आणि तीन वर्षांनी, १७९७ मध्ये, माउंट व्हर्ननला त्याने स्वतःची व्हिस्कीची भट्टी लावली. १७९९ साली तिथे अकरा हजार गॅलनच्या जवळपास गाळली.

वसुलीअधिकारी

पांडू, हे मला माहीत नव्हतं रे. भट्टी!

उद्या गच्चीवर सांगतो. चहा मात्र त्याच्याच घरून मागवतो, ज्याने सुरुवात केली.